नाल्याच्या गाळाचा माग: सहा गुंठ्यांच्या नोंदी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात एका औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला आमचं तीन एकर काळं रान आहे. गावाचं आणि वसाहतीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव फुटलं की आधी शेजाऱ्यांच्या भाजीचा भाव पडतो, माती तपासायची वेळ नंतर येते. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, शेती अण्णा बघतात. कुणाला आपल्या रानातल्या जड धातूंचा असाच माग काढायचा असेल तर माझे वाया गेलेले पैसे आणि दिवस त्याचे वाचावेत म्हणून या नोंदी. मातीचे सगळे आकडे मि.ग्रॅ. प्रति किलो, कोरड्या मातीवरचे आहेत.

२ फेब्रुवारी २०२५

सुरुवात हरभऱ्यापासून झाली. नाल्याकडच्या कोपऱ्यात सहाएक गुंठ्यांत पीक दरवर्षी खुरटतं. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अण्णांनी दोन वर्षं हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, फवारलं. आठ दिवस पानं हिरवी दिसतात, मग पुन्हा पिवळी. लोह कमी आहे हे त्यांचं निदान चुकीचं नव्हतं, पण जस्त आणि निकेल जास्त झालं तरी पिकाला लोह उचलता येत नाही आणि पान असंच दिसतं.

मृदा आरोग्य पत्रिका काढून पाहिली. २०१५ पासूनच्या या योजनेत बारा गोष्टी तपासतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांत नाही. आमच्या पत्रिकेत जस्त 'पुरेसे' लिहिलं होतं, आणि अण्णांनी इतकी वर्षं ते चांगल्या अर्थानेच वाचलं. कारखान्यांशेजारच्या रानाला ही पत्रिका पुरत नाही.

९ फेब्रुवारी

पहिले नमुने घेतले. नऊ ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा, बाजूची पातळ काप काढायची, सगळं एकत्र कालवायचं, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. खतासाठी माती देताना करतात तसंच. या एका दिवसात तीन चुका झाल्या आणि तिन्ही पुढे महागात पडल्या.

माती जस्ती बादलीत गोळा केली. जस्त मोजायला निघाले आणि जस्ताचा थर दिलेल्या भांड्यात माती घासली. खुरपं स्टेनलेसचं होतं, त्यात क्रोमियम आणि निकेल असतं. आणि तीन एकरांची माती एकत्र कालवली, म्हणजे खराब सहा गुंठे चांगल्या एकशे चौदा गुंठ्यांत बुडवून टाकले.

१२ फेब्रुवारी

जवळच्या माती परीक्षण केंद्रात जड धातू होत नाहीत. तिथल्या पद्धतीत पिकाला उपलब्ध होणारा तेवढाच अंश काढतात. मला मातीतला धातू जवळजवळ सगळा मोजायचा होता, त्यासाठी माती तीव्र आम्लात पचवावी लागते. शहरातल्या खासगी प्रयोगशाळेने सहा धातूंचे एका नमुन्याला ३,२०० रुपये सांगितले, जीएसटी धरून ३,७७६.

२४ फेब्रुवारी

अहवाल आला: क्रोमियम १६८, निकेल ८८, तांबं ९७, जस्त २६५, शिसं २४, कॅडमियम सापडलं नाही.

तुलनेला कॅनडातले शेतजमिनीचे मार्गदर्शक आकडे घेतले. तिथे क्रोमियम ६४, निकेल ४५, तांबं ६३. म्हणजे तिन्हींत आमचं रान नापास. त्या रात्री मी अण्णांना सांगितलं की सगळं रान गेलं. ते काही बोलले नाहीत. सकाळी पालक खुडायला गेले नाहीत, आणि तयार झालेली दीडशे जुडी वाफ्यातच पिवळी पडली. ती चूक बादलीच्या चुकीपेक्षा मोठी होती.

१ मार्च

माहिती असलेली गोष्ट मला त्या रात्री सुचली नाही. आपली काळी माती बेसॉल्टपासून, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणापासून बनलेली आहे. या खडकातच क्रोमियम, निकेल, तांबं भरपूर असतं. कॅनडाचा आकडा मराठवाड्याच्या मातीला लावला तर कधीही कारखाना न पाहिलेलं रानसुद्धा नापास होईल. तुलना करायची ती आपल्याच भागातल्या स्वच्छ मातीशी.

मी वरच्या माळावरची माती आणायला निघाले तर अण्णांनी थांबवलं. "बाई, मुरमाची बरोबरी काळीशी कशी लावशील? काळीशी काळी लाव." बरोबर होतं. मुरमाड जमिनीचं आणि खोल काळीचं धातूंचं प्रमाण सारखं नसतं. चुलत्यांचं वसाहतीच्या वरच्या अंगाला कोरडवाहू काळं रान आहे. तिथे नाल्याचं पाणी कधीच गेलेलं नाही. ते ठरवलं.

१६ मार्च

या वेळी प्लॅस्टिकचं टोपलं आणि बांबूची चपटी कामटी. खड्डा फावड्यानेच खणला, पण फावडं लागलेला पृष्ठभाग कामटीने बोटभर खरवडून टाकला आणि आतली माती घेतली. सावलीत वर्तमानपत्रावर वाळवायचा विचार होता, मग छपाईच्या शाईची शंका आली म्हणून कोऱ्या कागदावर वाळवली. दोन नमुने: चुलत्यांचं रान आणि आमचं रान पुन्हा. खर्च ७,५५२.

२ एप्रिल

चुलत्यांचं रान: क्रोमियम ११२, निकेल ७४, तांबं ८८, जस्त ८६, शिसं १४. आमचं: क्रोमियम १७१, जस्त २२८, शिसं २३. पहिल्या खेपेपेक्षा जस्त ३७ ने उतरलं. ठिकाणं थोडी बदलली होती, त्यामुळे सगळा फरक बादलीचा म्हणता येत नाही.

आता खरा आकडा दिसला. कॅनडाच्या हिशेबात सगळ्यात वाईट वाटलेली तीन नावं क्रोमियम, निकेल, तांबं होती. घरच्या मातीशी लावल्यावर सगळ्यात जास्त फुगलेलं निघालं जस्त, अडीचपटीहून थोडं जास्त. तांबं जवळपास जिथल्या तिथे. जस्त आणि क्रोमियम जोडीने वर गेलं की मनात प्लेटिंग येतं. लोखंडी सुट्या भागांवर जस्ताचा मुलामा देतात आणि तो गंजू नये म्हणून वर क्रोमेटचा हात देतात. पण ते आमच्या रानात आलं कुठून, हे या आकड्यांवरून कळत नव्हतं.

५ एप्रिल

संध्याकाळी अण्णांसोबत बांधावर बसले. खराब कोपऱ्याकडे बघत विचारलं, इथे असं काय केलं जे बाकी रानात केलं नाही? बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाळ टाकला होता."

२०१९ चा उन्हाळा. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, नाला तळापर्यंत कोरडा. सरकारची तलावांतला गाळ शेतात टाकायची योजना २०१७ पासून चालू होती आणि गाळाने रान सुधारतं हे गावात सगळ्यांनी पाहिलं होतं. तलाव लांब, ट्रॉलीचं भाडं जास्त. नाला दारात. अण्णांनी नाल्यातला काळाभोर, मऊ गाळ बावीस ट्रॉल्या आणला आणि सर्वांत हलक्या कोपऱ्यात पसरला. चार-पाच बोटं थर झाला. "लोण्यासारखा होता," म्हणाले.

नाल्यातून वाहून येणारा बराचसा धातू पाण्यात विरघळलेला नसतो, तो बारीक मातीच्या कणांना धरून येतो आणि पाणी संथ झालं की तळाशी बसतो. लोण्यासारखा मऊ गाळ म्हणजे सगळ्यात बारीक कण, म्हणजे सगळ्यात जास्त धातू. मी हे त्यांना सांगितलं. उठताना ते म्हणाले, "मीच आणलं म्हण." मी नाही म्हणाले. नाल्यात धातू त्यांनी सोडला नव्हता. पण त्या रात्री त्यांनी जेवण अर्धवट सोडलं.

१२ एप्रिल

या वेळी एकही नमुना कालवला नाही. सात वेगळे: गाळाचा पट्टा वरचा थर, त्याच जागी ३० ते ४५ सेंमी खोल, नाल्यावरच्या पंपाच्या तोंडाशी, पाण्याच्या दांडाच्या मध्यावर, रानाचा शेवट, बांधाजवळ, आणि पट्ट्याच्या लगतची सरी. खर्च २६,४३२. घरात यावर बोलणं झालं, ते इथे लिहीत नाही.

३ मे

गाळाचा पट्टा: जस्त १,१८०, क्रोमियम ६४०, निकेल २१०, शिसं ९६, कॅडमियम २.१. पंपाच्या तोंडाशी जस्त ३९०, क्रोमियम २३०. मध्यापासून पुढे सगळं चुलत्यांच्या रानासारखं.

म्हणजे तीन एकर गेलेले नाहीत. सहा गुंठे गेलेत, आणि पंपाजवळच्या दोन-तीन सऱ्या. फेब्रुवारीत मी सगळं रान बुडालं म्हणून सांगितलं होतं.

एक आकडा मात्र पटेना. पट्ट्यात खोलवरही जस्त ५२० निघालं. एवढं खाली उतरलं तर विहिरीची काळजी. अण्णांना विचारलं तर ते मला रानात घेऊन गेले आणि पायाशी बोट दाखवलं. एप्रिलच्या उन्हात काळी फाटली होती, भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला. कडेला पाय दिला की वरची भुसभुशीत माती भुरुभुरु आत पडत होती. मी खोलवरची म्हणून घेतलेली माती वरचीच होती. काळ्या रानात खोलीचा नमुना उन्हाळ्यात घेऊ नका.

११ मे

विहिरीचं पाणी आणि पालकाचे दोन नमुने दिले होते, त्यांचे अहवाल. पाणी २,३६०, भाजी ५,९००.

विहीर ठीक. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्रोमियम ०.०५ आणि शिसं ०.०१ मि.ग्रॅ. प्रति लिटर चालतं, आमचं दोन्ही त्याखाली. एवढा दिलासा तीन महिन्यांत मिळाला नव्हता.

पंपाजवळच्या पालकात शिसं २.४ आलं. पालेभाजीची मर्यादा ०.३. माझे हातपाय गार पडले. अर्ध्या तासाने अहवालाच्या तळाची ओळ वाचली: 'कोरड्या वजनावर'. मर्यादा ताज्या भाजीवर असते. आमच्या पालकात ९१ टक्के पाणी, म्हणजे ताज्या वजनावर ०.२२. कॅडमियम ०.१४, मर्यादा ०.२. दोन्ही मर्यादेच्या आत, पण फार आत नाही. दुसरा नमुना त्याच वाफ्यातला, तीन पाण्यांनी धुतलेला. त्यात शिसं ०.१३. पानावर बसलेली मातीच बरंच शिसं घेऊन येते.

ठरवलं: पंपाजवळ आणि पट्ट्यात पालक, मेथी, कोथिंबीर बंद. पाल्यात धातू जास्त साठतात, दाण्यात आणि फळात त्या मानाने कमी. पट्ट्यातला चाराही बंद, कारण म्हैस गवतासोबत मातीही खाते.

२० मे

आजची चूक माझी. पट्ट्याला खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या. अण्णांना सांगितलं होतं, पण ट्रॅक्टर चालवणाऱ्या चुलतभावाला सांगितलं नव्हतं. त्याने मशागतीच्या घाईत रोटाव्हेटर पट्ट्यातून आरपार घातला आणि तसाच पुढच्या सऱ्यांत नेला. आतापर्यंत वेगळा ओळखू येणारा राखट पट्टा एका तासात कालवला गेला.

१५ जून

दोन-तीन दमदार पाऊस झाले, भेगा मिटल्या. खोलीचा नमुना पुन्हा, आणि रोटाव्हेटर गेलेली सरी. या वेळी फक्त जस्त आणि क्रोमियम सांगितलं, दोन नमुन्यांचे २,८३२. एकदा सगळे धातू बघून झाले की जो सर्वांत फुगलाय त्याचाच माग काढला तरी चालतं. हे एप्रिलमध्ये केलं असतं तर निम्म्याहून जास्त पैसे वाचले असते.

खोलवर जस्त ९४. धातू वरच्या वीतभरातच आहे. लगतच्या सरीत एप्रिलमध्ये १२० होतं, आता २७०.

सहासंयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं पाण्यासोबत पळणारं विषारी रूप, वेगळं तपासायचं राहिलं होतं. मार्चमध्ये विचारलं तेव्हा प्रयोगशाळेने वाळवलेली माती घ्यायला नकार दिला. त्यासाठी माती ओलीच, हवाबंद बरणीत, बर्फात ठेवून पोचवावी लागते. तसे दोन नमुने दिले, ३,५४०. दोन्हींत सापडलं नाही. शेणखत आणि पालापाचोळा असलेल्या मातीत ते हळूहळू कमी घातक रूपात बदलतं, आणि अण्णांनी त्या कोपऱ्यात खत कधी कमी पडू दिलं नव्हतं.

२९ जून

काय करायचं यावर जो तो सल्ला देतो.

चुना टाका. आम्लयुक्त जमिनीत त्याचा उपयोग होतो. आमचा सामू ८.२, चुनखडीचे खडे हाताला लागतात. चुना टाकून काही मिळणार नाही, लोहाची पिवळट मात्र वाढेल.

मोहरी-सूर्यफूल लावा, धातू शोषून घेतात. हिशेब मांडला. सहा गुंठ्यांत वीतभर खोलीची माती साधारण १६० टन. जास्तीचं शिसं त्यात १३ किलो. एका हंगामात तिथे ३०० किलो वाळलेली मोहरी निघाली आणि तिच्यात किलोमागे ५० मि.ग्रॅ. शिसं आलं, तर बाहेर जाईल १५ ग्रॅम. आठशेहून जास्त हंगाम लागतील. शिवाय ती मोहरी टाकायची कुठे?

माती खरवडून काढा. १६० टन माती नेणार कुठे? घातक कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी अशा मोजक्या ठिकाणी होते. तो खर्च आमच्या ऐपतीचा नाही. एका ओळखीच्याने वीटभट्टीचं सुचवलं, वर ट्रॉलीमागे पैसेही देतो म्हणाला. अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या रानातलं दुसऱ्याच्या भिंतीत घालायचं नाही." भट्टीच्या आचेने कॅडमियम आणि शिशाचा काही भाग धुरात उडतो, हे सांगायची मला गरजच पडली नाही.

उरलं ते एकच: आहे तिथे बांधून ठेवणं. नांगर नाही, रोटाव्हेटर नाही, धूळ उडू द्यायची नाही, पाण्यासोबत वाहू द्यायची नाही.

१३ जुलै

पट्ट्याभोवती गुडघाभर मातीचा बांध. उताराच्या बाजूला वाळ्याची दाट ओळ. आत तीन-तीन मीटरवर बांबूची ६५ रोपं, मध्ये गवत वाढू दिलं. सहा ट्रॉल्या शेणखत वरच पसरलं, कालवलं नाही. काम करताना हातमोजे, तोंडाला फडकं, आणि घरी जाण्याआधी विहिरीवर पाय धुणं. गुरं शिरू नयेत म्हणून काटेरी तार. चुलतभावाने स्वतः येऊन खांब रोवले.

१० ऑगस्ट

केंद्राने जुलैत दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यात संशयित जागांचा सहामाही अहवाल जिल्हा प्रशासनाने करायचा आहे आणि ज्याने प्रदूषण केलं त्याच्याकडूनच खर्च वसूल करायची तरतूद आहे. सगळे अहवाल, नकाशा आणि नमुन्यांच्या जागा जोडून अर्ज दिला, पोच घेतली. २००९ च्या देशव्यापी यादीत तेव्हाचं औरंगाबाद अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत होतं, तेही अर्जात लिहिलं. अर्जात कुठल्याही कारखान्याचं नाव घातलं नाही. माझ्याकडे मातीचे आकडे आहेत, पाइपाचा पुरावा नाही.

२९ सप्टेंबर

मराठवाड्यात या महिन्यात अतिवृष्टीने जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. नाला पात्र सोडून दोन दिवस आमच्या रानातून वाहिला. सोयाबीन गेलं. पट्ट्याचा बांध वरच्या अंगाने फुटला. वाळ्याची ओळ अर्धी टिकली, आणि जिथे टिकली तिथे तिच्यामागे माती अडलेली स्पष्ट दिसते. बांबू चाळीसएक उरलेत.

रानाच्या खालच्या टोकाला तीन बोटं नवा गाळ बसलाय. काळाभोर, मऊ.

१२ ऑक्टोबर

रोटाव्हेटरची आठवण ताजी होती. वाफसा येताच, कुणीही रानात औत घालायच्या आत, चार मजूर लावून दोन दिवसांत नवा थर फावड्याने उचलला आणि पट्ट्याच्या बांधात आत टाकला. ४,००० रुपये. खालची जुनी काळी आणि वरचा गाळ यांत सुरी फिरवल्यासारखी रेघ होती, म्हणून तर उचलता आला. एक पाळी जरी बसली असती तरी हे जमलं नसतं. उचलण्याआधी नमुना घेऊन ठेवला.

२ नोव्हेंबर

शेजाऱ्याचं दीड एकर रान खरडून गेलंय, खाली मुरूम उघडा पडलाय. रान भरून काढायला त्याने नाल्यातला गाळ ठरवला, पाचशे रुपये इसारही दिला. दारात आहे, स्वस्त आहे. अण्णांच्या कानावर आलं तसे ते प्लॅस्टिकचं टोपलं आणि कामटी घेऊन त्याच्याकडे गेले. मी कॉलेजात होते, त्यामुळे काय बोलणं झालं ते ऐकलं नाही. संध्याकाळी ओट्यावर दोन पिशव्या होत्या, दोन्हींवर अण्णांच्या अक्षरात चिठ्ठ्या: 'नाला, वाकणाजवळ' आणि 'पाझर तलाव'.

आमच्या रानात आलेल्या गाळासह तीन नमुने, फक्त जस्त आणि क्रोमियम, ४,२४८. तपासणीचा एकूण खर्च आता ५६,६४०. यातले निदान वीस हजार वाचू शकले असते.

१९ नोव्हेंबर

आमच्या रानात आलेला गाळ: जस्त ४१०, क्रोमियम २६०. नाला, वाकणाजवळ: जस्त ८७०, क्रोमियम ४८०. पाझर तलाव: जस्त ९४, क्रोमियम ११८.

अण्णांनी अहवाल नेऊन दाखवला. शेजाऱ्याने पाचशे रुपयांवर पाणी सोडलं. तलाव साडेचार किलोमीटर लांब आहे, ट्रॉलीमागे भाडं दुपटीहून जास्त पडतं. पहिल्या दहा ट्रॉल्यांना आमचा ट्रॅक्टर लावतो, डिझेल त्याचं, असं चुलतभाऊ म्हणालाय. शनिवारी सकाळी निघायचं ठरलंय.